घोड्यावरची सवाष्ण

"हा कुणाचा टाक म्हणायचा?" उज्ज्वलानं विचारलं.

"माझ्या सवतीचा," समोरची पोरगी म्हणाली. "नाक गेलंय बघा तिचं."

पितृपंधरवडा तोंडावर आलेला. तलवाड्यात सुंदरराव कासाराच्या दुकानात समया, घंटा, तांब्याचे गडवे आणि लोकांच्या देवघरातले टाक असा ढीग लागला होता. उज्ज्वला चिंचेच्या कोळात हात घालून सकाळपासून देव घासत होती. सुंदरराव चहाला गेले होते. ते चहाला गेले की अर्धा तलवाडा फिरूनच परत यायचे.

तिनं टाक हातात घेतला. चांदीचा पातळ पत्रा, मागं तांब्याचा. पत्र्यावर हात सोडून सरळ उभी असलेली बाई. पहिली बायको मेली आणि माणसानं दुसरी केली की दुसरीनं पहिलीचा असा टाक करून पुजायचा. पहिलीनं मागं लागू नये म्हणून. ह्या टाकातली बाई घासून घासून एवढी गुळगुळीत झाली होती, की ती मागं लागली असती तरी कुणाला ओळखू आली नसती.

"कशानं घासता हो हिला?"

"राखंनं. रोज. आत्याबाई म्हणतेत, ताईला सगळं चकचकीत लागायचं."

"नाव काय ताईचं? परातीत दहा घरचे टाक हायेत, मागं खूण करून ठेवते."

"उज्ज्वला."

"आँ?"

"उज्ज्वला. गाव युसूफ वडगाव. म्हणजे गावात न्हाई, वस्तीवर. बंकटरावाची वस्ती म्हणलं की कुणी बी सांगतंय. माझं माहेर हितं जवळच हाय, म्हणून म्हणलं तलवाड्यातच नाक नीट करून घ्यावं."

उज्ज्वलाचा हात कोळातच राहिला. बंकटरावाच्या वस्तीवर उज्ज्वला नावाची एकच सून होऊन गेली होती. ती आत्ता हितं बसली होती, कोपरापर्यंत चिंच लावून.

"बजरंगची बायको का तुमी?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"तुमी वळखता त्यांना?"

"नाव ऐकलंय. कशानं गेली म्हणायची पहिली?"

पोरगी जरा पुढं सरकली. तिचं नाव प्रियदर्शनी. बोलायला माणूस न मिळालेली पोरगी होती ती, विचारायचाच अवकाश होता. "आत्याबाई म्हणतेत साप चावला. हे म्हणतेत कावीळ झाली. मामंजींना विचारलं तर मामंजी म्हणतेत, जाऊ दे."

उज्ज्वलाला मेल्याचं वाईट वाटलं नव्हतं. तिला राग आला होता तो सापाचा.

कारण उज्ज्वला त्या घरातून गेली ती अशी. एका दुपारी भूक लागली म्हणून ती सगळ्यांच्या आधी जेवली. बास, एवढंच. भाकरी, पिठलं, कांदा. त्यावरून घरात असा गोंधळ झाला, की जणू तिनं बैलजोडी विकून खाल्ली. सासू भामाबाई म्हणाल्या, "बाप्ये उपाशी अन् बाई जेवली, असलं हितं चालत न्हाई." बजरंग म्हणाला, "आई म्हणती ते बरोबर हाय." तो लग्नापासून एवढं एकच वाक्य बोलत आला होता. मग उज्ज्वलानं पेटी डोक्यावर घेतली आणि भर दुपारी, पुढच्या दारानं, सगळ्या वस्तीला राम राम करून निघाली. पुढं रीतसर फारकत झाली. नवरा सोडणं हे तिनं आयुष्यात केलेलं सगळ्यात दांडगं काम होतं. आणि ते काम ह्या लोकांनी सापाच्या नावावर करून टाकलं होतं!

"टाक कुणी करा म्हणलं?" तिनं विचारलं.

"माझ्या आईनं. मुक्ताबाई म्हणतेत तिला. आई सोयरीक जुळवतानाच म्हणली, पहिली मेलीय तर टाक दावा. आत्याबाई म्हणल्या, केलाय. आई म्हणली, बघू. मंग आत्याबाई म्हणल्या, उजळाया दिलाय. अन् चार दिसांनी आणून दावला."

म्हणजे आधी फारकतीची लाज वाटून बाईला मारली, मग मेली ह्याला पुरावा लागला म्हणून तिला चांदीत बसवली. उज्ज्वलाला हसू यायला लागलं होतं. पण पोरगी पुढचं बोलली आणि ते हसू जागीच थांबलं.

"लई गुणाच्या व्हत्या म्हणं ताई. चारला उठायच्या. कधी उलट बोलल्या न्हाईत. सगळ्यांचं झाल्याबिगर घास घेतला न्हाई. मी मोबाईल मागितला तर आत्याबाई म्हणतेत, उज्ज्वलानं कधी मागितला का? गावात जाऊन येते म्हणलं तर म्हणतेत, उज्ज्वलानं कधी वेस बघितली न्हाई. खरं सांगू का, आक्का?" ती हळूच म्हणाली. "मला लई राग येतो ताईचा. मेल्यात बिचाऱ्या, पण मला जगू देईनात."

उज्ज्वलानं हात पुसले. टाक कपड्यात गुंडाळला.

"नवमी कवा करता हिची?" अविधवा नवमी म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची तिथी.

"आवंदा पहिलीच हाय. आई बी येणार हाय बघाया. पण सवाष्णच मिळंना वस्तीवर. आत्याबाई म्हणतेत, गावातल्या बाया बोलवायच्याच न्हाईत."

"न्हाईतच बोलवायच्या त्या," उज्ज्वला म्हणाली. गावातल्या बायांनी तिला पेटी घेऊन जाताना बघितलं होतं. "मी येते. नाक बी नीट करून आणते."

"तुमी? एवढ्या लांब? पण तुमचे मालक..."

"फारकत झालीय माझी. चालंल का?"

प्रियदर्शनीनं क्षणभर विचार केला. "त्ये हायेत ना पण? जित्ते?"

"ठणठणीत."

"मंग चालतंय की! पत्ता सांगू का?"

"नको. येते मी बरोबर."

सुंदरराव परत आले तेव्हा उज्ज्वला तो पत्रा तापवून सपाट करत होती. टाकातली बाई पार मिटून गेली होती.

"अगं अगं अगं! कुणाच्या घरचं माणूस हाय ते?"

"माझ्याच," उज्ज्वला म्हणाली आणि सगळं सांगितलं. सुंदरराव खाली बसले. मग उठले. मग परत बसले.

"चल, नवा ठसा मारून देतो. सवाष्णीचा ठसा दे तिकडचा."

"त्यो नको. वीराचा द्या."

वीराचा ठसा म्हणजे घोड्यावरचा गडी. लढाईत, भांडणात कुणी पूर्वज मेला की त्याचा टाक तसा करतात. हातात तलवार, पायात रिकीब.

"बाई घोड्यावर नसती, उज्ज्वले. टाकातली बाई उभी असती. माझ्या आज्यापासून उभी हाय."

"उभं राहून राहून पाय दुखलं असतील तिचं. बसू द्या जरा."

"देवाच्या कामात खोडी करू नगंस."

"काका, मी त्या घरातून कशी गेले? उभी ऱ्हाऊन?"

सुंदररावांनी वीराचा ठसा काढून तिच्यापुढं आदळला आणि "मी बघितलं न्हाई" असं म्हणून परत चहाला गेले. उज्ज्वलानं ठशावर पत्रा ठेवला, वरून शिशाची पट्टी ठेवली आणि हातोडी घातली. घोडा उमटला. गडी उमटला. मग बारीक खिळ्यानं तिनं गड्याच्या मिशा दाबून टाकल्या, नाकात नथ काढली, कपाळाला कुंकू दिलं, हातात बांगड्या भरल्या. तलवार ठेवली.

नवमीच्या दिवशी उज्ज्वला वस्तीवर पोचली तेव्हा अंगणात रांगोळी होती. ओसरीवर बंकटराव तंबाखू मळत बसले होते. त्यांनी वर बघितलं. हातातली तंबाखू सांडली. म्हाताऱ्याच्या तोंडावर हळूहळू असं हसू पसरलं, की उज्ज्वलाला भरून आलं.

"आलीस व्हय?" ते पुटपुटले.

"नवमीला आले, मामंजी."

"ये की. तुझीच हाय."

तेवढ्यात भामाबाई बाहेर आल्या. हातात कुंकवाचा करंडा होता. त्यांनी उज्ज्वलाला बघितलं, तोंड उघडलं, आणि ओरडणार तोच मागून मुक्ताबाई म्हणाल्या, "अगंबाई, ही तर आमच्या तलवाड्याच्या कासाराच्या दुकानातली! माझी समई हिनंच डागली. ये गं बाई, ये. इहीणबाई, ह्या बाईच्या हाताला लई गुण हाय."

झालं! भामाबाईंना भूत म्हणायची सोय उरली नाही. भूत समई डागत नसतं. आणि ही जित्ती आहे म्हणावं तर टाक कुणाचा? भामाबाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. मोठा घास गिळल्यासारखं झालं त्यांना.

"या," त्या म्हणाल्या.

"पाय धुवा की सवाष्णीचं," मुक्ताबाई म्हणाल्या. "रीत हाय."

"प्रियदर्शनी धुईल."

"सून न्हाई, घरची मोठी बाई धुती. आमच्याकडं तर असंच असतंय."

भामाबाई खाली बसल्या. उज्ज्वलानं पाय परातीत ठेवले. प्रवासाची धूळ होती, वेळ लागला. भामाबाई मान वर न करता दातातल्या दातात म्हणाल्या, "कावून आलीस गं?"

"मेले म्हणून कळलं. म्हणलं बघून यावं," उज्ज्वला तेवढ्याच हळू म्हणाली. "टाच ऱ्हायली, आत्याबाई."

पाट मांडला. समई लावली. पहिलं ताट सवाष्णीचं. पुरणाची पोळी, खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी. घरात अजून कुणी घास घेतला नव्हता, आणि उज्ज्वला एकटी जेवायला बसली होती. ह्याच स्वयंपाकघरात, ह्याच भिंतीला पाठ लावून तिनं ते पिठलं खाल्लं होतं. तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं सगळ्यांनी. आत्ता सगळे हात जोडून उभे होते.

"तूप वाढा," ती म्हणाली.

भामाबाईंनी वाढलं.

"अजून जरा."

तेवढ्यात बजरंग रानातून आला. पाय धुवून, टॉवेलला तोंड पुसत आत शिरला, आणि टॉवेलच्या वरून त्याला उज्ज्वला दिसली. त्यानं टॉवेल खाली घेतला नाही. तसाच अर्धा झाकून उभा राहिला.

"जावईबापू, या," मुक्ताबाई म्हणाल्या. "असं कावून तोंड झाकलंय?"

"दात... दात दुखतोय."

"मी इचारते," उज्ज्वला पोळी मोडत म्हणाली, "ज्या बाईच्या नावानं जेवते, ती बिचारी गेली कशानं?"

"साप," भामाबाई म्हणाल्या.

"कावीळ," त्याच वेळी टॉवेलमधून आवाज आला.

मुक्ताबाईंनी एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. "एकीलाच दोनी?"

ओसरीवरून बंकटराव म्हणाले, "आधी साप चावला. मंग सापाला कावीळ झाली."

उज्ज्वलाला ठसका लागला. प्रियदर्शनी पाणी घेऊन धावली. मुक्ताबाईंचे डोळे बारीक झाले होते. बाई काही कालची नव्हती, तिनं चार लेकी उजवल्या होत्या. "टाक कुठंय? पूजा झाल्याबिगर सवाष्णीनं हात कसा धुवावा?"

"हाय माझ्यापाशी," उज्ज्वला म्हणाली. डाव्या हातानं पिशवीतला कपडा काढून तिनं पुढं केला. भामाबाई झडप घालायला गेल्या, पण मुक्ताबाई जवळ होत्या. कपडा उलगडला.

सगळे वाकून बघायला लागले. समईच्या उजेडात चांदी लखलखत होती. घोडा, घोड्यावर नथ घातलेली बाई, हातात उपसलेली तलवार.

"अगं आई गं," प्रियदर्शनी म्हणाली.

"ही कसली सवाष्ण?" मुक्ताबाई म्हणाल्या. "घोड्यावर? कुठं निघाली ही?"

"कासारानं चूक केली असंल," भामाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "वीराचा ठसा मारला मेल्यानं. आमची उज्ज्वला अशी नव्हती. गरीब गाय व्हती. वर मान करून..."

उज्ज्वलानं हातातली पोळी खाली ठेवली. एवढा वेळ तिला मजा येत होती. तूप मागायला, पाय धुवून घ्यायला. ठरवलं होतं, जेवायचं, लुगडं घ्यायचं आणि गुमान जायचं. पण "गरीब गाय" ऐकलं आणि तिच्या डोक्यात हातोडी पडली.

"वर मान करून लई बोलायची ती," उज्ज्वला म्हणाली. "मला ठाऊक हाय. म्या रोज तिच्याच तोंडानं बोलते. मुक्ताबाई, मी उज्ज्वला. साप न्हाई, कावीळ न्हाई. मी ह्या दारातून गेले, माझ्या पायानं."



मुक्ताबाईंनी टाक बघितला, उज्ज्वलाला बघितलं, मग इहिणीकडं वळल्या. "जित्या सवतीवर दिली व्हय माझी लेक? बजरंगराव, टॉवेल काढा तोंडावरचा! प्रियदर्शनी, पिशवी भर. चल घरी!"

"मावशी, बसा," उज्ज्वला म्हणाली. "फारकत झालीय, कोर्टातून झालीय. तुमच्या लेकीचं लग्न पक्कं हाय. खोटा हाय तो फक्त साप."

"आई म्हणती ते..." बजरंग टॉवेलमधून म्हणाला.

"तू गप बे!" बंकटराव ओसरीवरून गरजले. तो आवाज घरात पहिल्यांदाच कुणी ऐकला असेल. खुद्द बंकटराव सुद्धा दचकले.

प्रियदर्शनी मात्र जागची हलली नव्हती. ती उज्ज्वलाकडं बघत होती. आजवर रोज कुंकू लावलेली, राखेनं घासलेली बाई समोर कढी भुरकत बसली होती.

"मंग चारला उठत नव्हत्या तुमी?"

"सहाला. थंडीत साडेसहा."

"उलट?"

"लई," बंकटराव बाहेरून म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता.

"अन् गावात?"

"दर बाजारी. भजे खाऊन यायचे."

मुक्ताबाईंनी दोनदा प्रियदर्शनीचा हात ओढला, तिनं दोनदा सोडवून घेतला. मग तिनं फळीवरचं एक ताट काढलं, भिंतीला टेकवलेला पाट उज्ज्वलाच्या शेजारी टाकला आणि मांडी घालून बसली.

"मला बी वाढा," ती म्हणाली. "भूक लागलीय."

"बाप्ये ऱ्हायलेत अजून," भामाबाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

"तेच वाढतील की मंग. हात हायेत त्यांना."

मुक्ताबाईंनी जावयाकडं बघितलं. बजरंगनं आईकडं बघितलं. आई टाकाकडं बघत होती. शेवटी त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला, पोळ्यांचा डबा उचलला आणि बायकोच्या ताटात एक पोळी ठेवली. मग थोडा थांबला आणि उज्ज्वलाच्या ताटातही एक ठेवली. त्याच्या हातून तिला मिळालेली ती पहिली पोळी. जरा करपलेली होती, पण उज्ज्वलानं खाल्ली.

मुक्ताबाई अजून धुमसत होत्या. पण बाईची रीतीवर भारी श्रद्धा. "झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "पण टाक बसलाय घरात. बसलेला टाक उठवता येत न्हाई. पुजायाच लागंल. अन् सवाष्ण जेवलीय, तिच्या पाया पडल्याबिगर तिला उठवायची न्हाई. इहीणबाई, पडा पाया."

"मी? हिच्या?"

"जित्ती असली म्हणून काय झालं? नवमी लागली ती लागली."

भामाबाई वाकल्या. कमरेतून नाही, नुसत्या मानेतून. पण वाकल्या. उज्ज्वलानं दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर ठेवले आणि म्हणाली, "सुखी ऱ्हावा, आत्याबाई." लुगडं मात्र घेतलं तिनं. हिरवं, जरीकाठी. दुकानात नेसायला झालं.

चार वाजता ती सडकेवर येऊन काळीपिवळी जीपची वाट बघत उभी राहिली. मागं वळून बघितलं तर भामाबाई बांधावरून येत होत्या, पदर खोचून, तरातरा. उज्ज्वला तयारीतच उभी राहिली. आता भांडण होणार होतं, आणि तिची काही हरकत नव्हती.

भामाबाई धापा टाकत जवळ आल्या. 

"चारचौघांत पाया पडाया लावलंस मला," भामाबाई म्हणाल्या.

"तुमच्या इहिणीनं लावलं."

"लुगडं बी नेलंस."

"माझ्या नावानं व्हतं."

भामाबाई पायानं मुरूम उकरत राहिल्या. केजकडं जाणारी काळीपिवळी येताना दिसली, टपावर पोती लादलेली.

"त्यो ठसा," भामाबाई एकदम म्हणाल्या, "घोड्याचा. हाय का अजून दुकानात?"

"हाय की. कावून?"

"न्हाई म्हणजे..." भामाबाईंनी मागं वळून वस्तीकडं बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून. "मी मेले की बजरंग मला बी उभीच करील. त्याला काय कळतंय? पंधराव्या वर्षी ह्या घरात आले गं मी, तवापास्नं उभीच हाय. सासूला तर म्या शेवटपस्तोर जेवताना बसलेली बघितली न्हाई. तू निघाली, तवा दारात उभी ऱ्हाऊन बघत व्हते मी. लई शिव्या दिल्या तुला. अन् मनात म्हणलं, रांडंनं पेटी कशी झोकात उचलली!"

गाडी येऊन थांबली. आतली माणसं सरकून घ्यायला लागली.

"करीन की, आत्याबाई," ती पायरीवर पाय ठेवत म्हणाली. "घोड्यावरच बसवीन तुमाला."

"तसला नको! तुझा घोडा नुसता एक पाय वर करून उभा हाय, मी बघितला. माझा पळता पाहिजे!"

"पळत्याचा ठसा न्हाई हो दुकानात!"

गाडी हलली. भामाबाई सडकेच्या मधोमध आल्या, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि पोती, प्रवासी, सगळ्या युसूफ वडगावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "मंग नवा कर की! त्यो झाल्याबिगर मी मरत नसते!"